केंद्राची किल्ली आपल्याकडेच राहू द्या

 

मी बचत गटांची सहयोगिनी आहे. गावोगावी बैठका घेणं, वह्या तपासणं, बँकेत सोबत जाणं हे माझं काम. आज मी तुम्हाला एका बंद पडलेल्या केंद्राची गोष्ट सांगणार आहे. त्या केंद्राची किल्ली तीन वर्षं माझ्या पर्समध्ये पडून होती. पर्समधून पेन काढताना ती हाताला लागायची आणि माझं मन खट्टू व्हायचं.

हे केंद्र मोहफुलांचं. गडचिरोली जिल्ह्यातल्या तीन गावांतल्या बचत गटांनी मिळून ते काढलं होतं. तिन्ही गावांना सामूहिक वनहक्क मिळालेला. मोह आमच्या जंगलात भरपूर. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे उठून बाया टोपली घेऊन झाडाखाली जातात, वेचतात, अंगणात वाळवतात. मग गावात सेठ येतो, त्याच दिवशी रोख पैसे देतो आणि घेऊन जातो. पावसाळ्यात तोच मोह महाग होतो आणि कधीकधी आपल्यालाच विकत घ्यावा लागतो. हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. म्हणून २०१८ साली आम्ही ठरवलं, की मोह आपणच साठवू, साफ करू, लाडू बनवू, विकू. योजनेतून शेड मिळालं, यंत्रं मिळाली. प्रत्येक बाईने दोनशे रुपये भाग भरला. उद्घाटनाला मंडप टाकला, रांगोळ्या काढल्या, फोटो काढले.

२०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं आणि केंद्राला कुलूप लागलं. आम्ही सगळ्यांना सांगत होतो की लॉकडाऊनमुळे बंद पडलं. पण मैत्रिणींनो, ते खरं नव्हतं. लॉकडाऊन उठलं तरी आम्ही कुलूप काढलं नाही, कारण केंद्र त्याच्या आधीच बुडालेलं होतं.

कसं बुडालं ते सांगते. हिशेब सहज कळावा म्हणून आकडे सोपे घेते. समजा १०० किलो वाळलेला मोह ४० रुपये किलोने घेतला. झाले ४००० रुपये. तो निवडला, माती-काडी काढली, तर उरला ९० किलो. दोन बायांची मजुरी ६०० रुपये. पोती, वीज, गाडीभाडं मिळून ४००. एकूण खर्च ५०००. म्हणजे ९० किलोचा एक किलो आपल्याला साडेपंचावन्न रुपयांना पडला. आणि आम्ही तो विकत होतो ५० रुपयांना! घेतला चाळीसला, विकला पन्नासला, दहा रुपये सुटले, असं आम्ही समजत होतो. खरं तर दर १०० किलोमागे ५०० रुपये घरून जात होते. जितका माल जास्त, तितका तोटा जास्त. दोन वर्षं कोणी हा हिशेब मांडलाच नाही. बी.ए. झालेली मीसुद्धा नाही.

दुसरं कारण रोख पैशाचं. सेठ संध्याकाळी पैसे द्यायचा. आमचं केंद्र म्हणायचं, माल विकला की देऊ. जिच्या घरी तेल-मीठ संपलंय तिने महिनाभर कशी वाट बघावी? बाया आपल्याच केंद्राला चोरून सेठला मोह विकू लागल्या. आम्ही त्यांना नावं ठेवली. चूक त्यांची नव्हती.

तिसरं कारण आपल्या जिल्ह्याचं. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. मोह म्हटला की लोकांना आधी दारूच आठवते. शेडमध्ये पोती दिसली की माणसं विचारायची, काहाले साठवता जी इतका मोह? बाया घाबरायच्या. पुढे २०२१ साली राज्य सरकारने मोहफुलांचं संकलन, साठवण आणि वाहतूक यांवरचे निर्बंध उठवले. पण तोवर आमचं केंद्र बंद झालं होतं.

आणि चौथं कारण मी स्वतः. यंत्रं आली तेव्हा शेडमध्ये पुरेशा दाबाची वीज नव्हती. पण कागद पुढे जायला हवा होता. 'यंत्र बसवले, सुरू झाले' असं लिहिलेल्या कागदावर मी सही केली. वीज पुढच्या हंगामानंतर आली. एक अख्खा हंगाम बायांनी हाताने माल निवडला आणि मजुरी वाढली. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. कशी सांगावी लागली, ते पुढे येईल.

२०२३ च्या सुरुवातीला नागपूरच्या एका कंपनीचा माणूस आमच्याकडे आला. त्यांना खाण्याच्या दर्जाचा स्वच्छ मोह हवा होता, बिस्किटं आणि सरबत बनवायला. म्हणाला, "तुमचं केंद्र बंदच आहे, आम्हाला द्या, आम्ही चालवतो. बायांना रोजगार देतो."

गावात लगेच दोन तट पडले. तरुण पोरं म्हणाली, गंजून जाण्यापेक्षा देऊन टाका. म्हातारी माणसं म्हणाली, कंपनीचं नावही काढू नका.

मैत्रिणींनो, म्हाताऱ्या माणसांची भीती उगाच नव्हती. आपल्या दोन जिल्ह्यांत जंगलात खासगी कारभार नवा नाही. बल्लारपूरच्या कागद गिरणीसाठी आपल्या जंगलातला बांबू वर्षानुवर्षं सरकारी पट्ट्याने तोडला गेला. गावच्या माणसाला टोपली विणायला बांबू आणायची चोरी होती आणि गिरणीचे ट्रक भरून जात होते. तेंदूपत्त्याचंही तसंच. पत्ता आपण तोडायचा, ७० पानांचा एक पुडा बांधायचा, फळीवर न्यायचा. भाव मात्र ठेकेदार आणि सरकार ठरवणार. त्या काळी आपण मजूर होतो. मालकी कागदावरही आपली नव्हती.

मग २००६ साली वनहक्क कायदा आला. त्यात बांबू आणि तेंदू यांना गौण वनोपज म्हटलं आणि त्यांच्यावर गावाची मालकी मान्य केली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. पण हक्क मिळाला तरी बांबू बाहेर न्यायचा वाहतूक परवाना मिळत नव्हता. त्यासाठी मेंढ्याने भांडण चालू ठेवलं. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी त्या वेळचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. २०१२ साली नियमच बदलले आणि परवाना देण्याचं काम ग्रामसभेच्या समितीकडे आलं. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ साली हजारभर हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. ते लोक बांबू स्वतः तोडतात आणि बोली लावून विकतात. तेंदूपत्ता मात्र त्यांनी तोडायचाच नाही असं ठरवलं, कारण त्यासाठी झाडं छाटतात, आगी लावतात. पैसा सोडला, जंगल राखलं.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. मेंढा काय आणि पाचगाव काय, त्यांचा बांबू घेणारे खासगी व्यापारीच आहेत. म्हणजे खासगी माणसाशी व्यवहार करायचाच नाही, असं त्यांनी म्हटलं नाही. आधी मालक झाले, मग व्यवहाराला बसले. मजूर होऊन बसणं वेगळं आणि मालकीण होऊन बसणं वेगळं.

पण मालक झालं म्हणून सगळं साधतं असंही नाही. २०१३ पासून आपल्या जिल्ह्यातल्या काही ग्रामसभा तेंदूपत्ता स्वतः विकू लागल्या. पुढे आणखी कितीतरी गावांनी ती वाट धरली. २०१७ साली भाव एवढे चढले की घराघरात पैसा आला. त्याच वर्षी १ जुलैपासून तेंदूपत्त्यावर १८ टक्के जीएसटी लागला. पुढच्या वर्षी भाव उतरले. काही गावांचे पैसे ठेकेदारांकडे अडकले. ज्या ग्रामसभांनी आधी अनामत घेतली होती, करार नीट लिहिला होता, त्या सावरल्या. ज्यांनी चढा भाव ऐकून घाईत अंगठा दिला, त्या चकरा मारत राहिल्या. भाव कितीही चांगला असो, पैसे हातात कधी पडणार हे आधी विचारायचं, एवढं त्यातून आम्ही शिकलो.

दुसरीकडे चांगली उदाहरणंही होती. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून विकायचं काम सुरू केलं. वनधन योजनेची मदत मिळाली. या योजनेत २० जणांचे १५ गट, म्हणजे ३०० जण मिळून एक केंद्र असतं आणि केंद्राला १५ लाखांपर्यंत निधी मिळतो. डाबर, बैद्यनाथ, हिमालया अशा औषधं बनवणाऱ्या कंपन्यांशी त्यांनी बोलणी केली आणि २०२१ साली १ कोटी ५७ लाख रुपयांच्या मागणीपर्यंत पोचले. मी हे वाचलं तेव्हा मला फरक कळला. आम्ही आधी यंत्र आणलं आणि मग गिऱ्हाईक शोधत बसलो. त्यांनी आधी गिऱ्हाईक कोण ते पाहिलं.

तर आम्ही ठरवलं, कंपनीशी बोलायचं. पण बैठक बोलावली तेव्हा वेगळंच झालं. मी कंपनीचं सांगायला उभी राहिले तर मागून एक आजी उठली. म्हणाली, "मशीन-बिशीन राहू दे बाई. माहे दोनशे रुपये कोठी गेले, थे सांग आधी."

सभा गप्प झाली. मी म्हटलं, आजी, ते नंतर बघू. ती म्हणाली, "नंतर काहाले? दोन कोंबड्या विकून भरले होते मी."

त्या दिवशी कंपनीचा विषय निघालाच नाही. पुढच्या आठवड्यात मी जुन्या वह्या घेऊन गेले. सगळा हिशेब मोठ्याने वाचला. किती घेतलं, किती विकलं, कुठे तोटा आला, किती पोती उंदरांनी खाल्ली, किती उधारी कोणाकडे राहिली. आणि शेवटी तो कागद काढला, माझ्या सहीचा. सांगितलं की वीज नसताना मी सही केली होती. माझे हात थरथरत होते. मला वाटलं, आता या बाया मला गावात पाय ठेवू देणार नाहीत.

काही जणी रागावल्या, बोलल्या. बोलायलाच हव्या होत्या. पण एक झालं. त्यानंतर पहिल्यांदाच बाया आपापलंही सांगू लागल्या. मी सेठला मोह दिला होता. मी निवडलेल्या मालात ओला मिसळला होता. मी अध्यक्ष होते पण कोऱ्या धनादेशावर सह्या करून ठेवल्या होत्या. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत हेच चाललं. मैत्रिणींनो, बुडालेलं काम पुन्हा उभं करायचं असेल तर नवा भागीदार आणण्याआधी जुना तोटा सगळ्यांसमोर वाचा. नाहीतर नव्या पैशालाही जुनीच भोकं पडतील.

मग कंपनीचा करार आला. इंग्रजीत होता. आम्ही म्हटलं, मराठीत द्या. तो मराठीत आला, मग आमच्या एका ताईने गोंडीत समजावून सांगितला, कारण अर्ध्या बायांना मराठी कागद कळत नाही. त्यात काय होतं? दहा वर्षांसाठी केंद्र आणि यंत्रं कंपनीच्या ताब्यात. सगळा मोह फक्त कंपनीलाच विकायचा. भाव 'त्या दिवशीच्या बाजारभावाप्रमाणे'. आणि माल नागपूरच्या गोदामात तपासून, पसंत पडला तरच पैसे.

वरवर यात वाईट काही दिसत नाही. पण एकेक ओळ घेऊन आम्ही विचारत गेलो: असं झालं तर कोणाचं नुकसान? बाजारभाव कोण सांगणार? कंपनीच. नागपूरला माल नापसंत झाला तर परत आणायचं भाडं कोणाचं? आपलं. दहा वर्षांत कंपनी बंद पडली तर? यंत्र कुणाचं?

तीन बैठका आमच्या झाल्या आणि दोन कंपनीसोबत. काय बदललं ते सांगते, तुमच्या उपयोगाला येईल.

पहिलं, करार एका हंगामाचा केला. काम पटलं तर दोघांच्या संमतीने पुढे वाढवायचा.

दुसरं, हंगामाआधी कमीत कमी भाव ठरवायचा आणि तो ग्रामसभेत वाचून दाखवायचा. बाजार चढला तर वरचा फरक द्यायचा. बाजार पडला तरी ठरलेल्या भावाखाली जायचं नाही.

तिसरं, खरेदीची निम्मी रक्कम हंगामाआधी गटांच्या संघाच्या खात्यात यायला हवी, म्हणजे बाईला त्याच संध्याकाळी पैसे देता येतील. सेठची ताकद त्याच्या रोखीत होती. ती ताकद आपल्याकडे आल्याशिवाय केंद्र चालणार नाही, हे आम्ही हरून शिकलो होतो.

चौथं, वजन आणि तपासणी आपल्याच केंद्रात, आपल्या बायांसमोर. गाडी निघाली की माल कंपनीचा. मागाहून कुरकुर चालणार नाही.

पाचवं, शेड आणि यंत्रं संघाचीच. कंपनीने दुरुस्ती करून द्यायची आणि वापराचं भाडं द्यायचं. किल्ली संघाच्या अध्यक्षाकडे.

सहावं, सगळा मोह एकाला नाही. एक हिस्सा आपण कुठेही विकू शकतो. आणि घरी खायला, सणावाराला, देवाला लागणारा मोह यात धरायचाच नाही.

सातवं, हिशेब आणि दर्जा तपासायचं शिक्षण आपल्या दोन मुलींना द्यायचं. उद्या कंपनी गेली तरी विद्या गावात राहिली पाहिजे.

आणि आठवं, जंगलाबद्दल कंपनीला काही अधिकार नाही. कोणत्या झाडाखाली वेचायचं, पाखरांसाठी आणि रानातल्या जनावरांसाठी किती सोडायचं, हे ग्रामसभा ठरवणार. कायदाही हेच सांगतो. वनहक्क वारसाने पुढच्या पिढीकडे जातो, पण तो विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. कोणी कितीही गोड बोललं तरी हे विसरू नका.

भागीदारीचे प्रकार बरेच असतात. नेपाळात दोलखा जिल्ह्यात जंगलातल्या झुडपाच्या सालीपासून हातकागद बनवायचा उद्योग निघाला, तेव्हा त्यात वनगटांचे, गरीब कुटुंबांचे आणि व्यापाऱ्यांचेही भाग ठेवले होते. आपल्याकडे उत्पादक कंपनी काढली तर कायद्याने भाग फक्त उत्पादकांनाच घेता येतात आणि सभासद बाईला एक मत असतं, मग तिचे भाग दोन असोत की वीस. बाहेरचा पैसेवाला त्यात मालक होऊ शकत नाही. आम्ही सध्या भागांच्या भानगडीत पडलो नाही. आमचा करार फक्त खरेदीचा आणि यंत्रांच्या वापराचा आहे. ज्याचं कलम वाचून गटातल्या साध्या बाईला कळतं, तोच प्रकार आपल्यासाठी बरा.

कंपनीने सगळं एकदम मान्य केलं असं समजू नका. निम्मी रक्कम आधी द्यायला ते तयार नव्हते. शेवटी एक तृतीयांशवर तडजोड झाली आणि बाकीची दर आठ दिवसांनी. त्यांनीही आपली अट घातली. फुलं जमिनीवरची नको, जाळीवरची हवीत, माती नको. आम्हाला ती जाचक वाटली. पण तिचा फायदा आमच्याच जंगलाला झाला. तुम्हाला माहीत आहे, फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा आपण जाळतो आणि वाऱ्याने ती आग पुढे जाते. झाडाखाली जाळी बांधली की पाचोळा जाळायची गरजच उरत नाही. त्या वर्षी आमच्या तीन गावांतल्या बायांनी जाळी बांधलेल्या झाडांखाली आग लावली नाही.

२०२४ च्या मार्चमध्ये केंद्राचं कुलूप काढलं. उद्घाटन केलं नाही, फोटोही काढले नाहीत. आत कोळ्यांची जाळी होती आणि एका यंत्रात चिमणीचं घरटं होतं. दोन दिवस झाडलोट केली.

पहिला हंगाम कसा गेला? खरं सांगते, बेताचा. मध्येच अवकाळी पाऊस आला, वाळत घातलेला मोह भिजला. एकदा कंपनीचे पैसे बारा दिवस उशिरा आले. त्या बारा दिवसांत बाया पुन्हा सेठकडे गेल्या. आम्ही करारातलं कलम दाखवून पत्र लिहिलं, तेव्हा पैसे आले. पूर्वी मी अशा वेळी विनवण्या केल्या असत्या. या वेळी आमच्या अध्यक्षताई फोनवर म्हणाल्या, "कागदात लिहिलं हाये जी. वाचून पाहा." मी बाजूला उभी राहून ऐकत होते.

हंगाम संपल्यावर थोडी शिल्लक राहिली. शेडचं छप्पर गळत होतं. मी सुचवलं, छप्पर दुरुस्त करू. बाया म्हणाल्या, आधी जुन्या भागाचे पैसे. बराच वाद झाला. मला वाटत होतं, पाऊस आला तर मालच जाईल. त्यांना वाटत होतं, विश्वास गेला तर मालच येणार नाही. त्यांचंच खरं होतं. ठरलं, प्रत्येकीला निम्मा भाग परत आणि उरलेल्यात छपराच्या चार पत्र्यांची दुरुस्ती.

ती आजी शंभर रुपये घ्यायला आली. अंगठा लावला. नोट दोनदा उलटीसुलटी करून पाहिली आणि पदराला गाठ मारली. मी विचारलं, "आजी, पुढच्या साली मोह केंद्रात आणशील ना?"

ती म्हणाली, "अर्धा तुमाले, अर्धा सेठले. तुमी पुरे पैसे द्याल, मंग पाहू."

बाजूच्या बाया हसल्या. मला आधी जरा वाईट वाटलं. घरी जाताना मनात आलं, कंपनीशी करार करताना आम्हीही हेच लिहिलं होतं. सगळं एकाच्या हाती द्यायचं नाही. आजीने तोच नियम आम्हाला लावला. बरोबर केलं तिने.

दुसरा हंगाम पहिल्यापेक्षा बरा गेला. जुन्या भागाचा राहिलेला पैसा अजून पूर्ण फिटलेला नाही. कंपनी पुढच्या वर्षी राहील की नाही हे ठाऊक नाही, म्हणून नागपूर आणि चंद्रपूरच्या आणखी दोन खरेदीदारांशी बोलणं सुरू ठेवलंय. आमच्या दोन मुली आता ओलावा मापायचं यंत्र वापरतात, वही लिहितात आणि महिन्याच्या बैठकीत हिशेब मोठ्याने वाचतात. दर महिन्याला वाचायचा, माल असो नसो. हा नियम बायांनी केलाय.

तुमच्याही गावात असं एखादं बंद केंद्र असेल. कुठे मध काढायचं यंत्र पडून असेल, कुठे पत्रावळीचं, कुठे बांबूकामाचं. बांबूकाम शिकायचं असेल तर चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे चौकशी करा. पण यंत्र सुरू करायच्या आधी, कंपनीच्या माणसाला चहा द्यायच्या आधी, गटाच्या बैठकीत हे प्रश्न एकमेकींना विचारा. मागच्या वेळी एक किलोमागे आपल्याला नेमका किती खर्च आला होता? माल कोण घेणार, आणि पैसे किती दिवसांत देणार? बाईच्या हातात रोख कधी पडणार? कंपनी निघून गेली तर आपल्याकडे काय उरणार? आणि किल्ली कोणाकडे राहणार?

उत्तरं कळेनात तर सही करू नका. अंगठाही लावू नका. कोणी म्हणेल, आजच सही करा, उद्या संधी जाईल. जाऊ द्या. हक्काचं जंगल गावाजवळ उभं आहे, पुढच्या चैतातही मोह पडणार आहे.

माझ्या पर्समध्ये आता ती किल्ली नाही. ती अध्यक्षताईंच्या घरी देव्हाऱ्याजवळच्या खिळ्याला टांगलेली असते. दुसरी किल्ली हिशेब लिहिणाऱ्या मुलीकडे आहे. दोघी आल्याशिवाय कुलूप उघडत नाही.

तुमच्या गटाचा अनुभव काय आहे, बरा-वाईट कसाही, पुढच्या बैठकीत बोला आणि आम्हालाही कळवा. नमस्कार.